बाबांच्या फाईलमधले चार इको

मी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करते, १७ वर्षं झाली. रोज २०-२२ माणसं टेबलावर डाव्या कुशीवर वळतात, डावा हात डोक्याखाली, मी बरगड्यांमधली फट शोधत प्रोब फिरवत असते आणि "श्वास सोडा, धरून ठेवा, हं, घ्या आता" हे दिवसभर चालू असतं. जेल पुसायला टिश्यू हातात दिला की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम ईएफ किती आला? बाहेर बसलेले नातेवाईकपण तेच विचारतात. ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, लोकांच्या भाषेत पंपिंग. हा आकडा लोकांना पाठ झालाय आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पेशंटसाठी ते बरंच आहे, पण गळक्या झडपेच्या ऑपरेशनला निघालेल्या माणसाला हाच आकडा सगळ्यात जास्त फसवतो. मला हे शिकवलेलं होतं. तरी मी फसले, आणि तेही स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने रात्री साडेदहाला तिच्या सासऱ्यांच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. सिव्हिअर मायट्रल लीक, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप खूप गळतेय, ईएफ ५८, खाली लिहिलेलं नॉर्मल. सोबत मेसेज, "पंपिंग तर चांगलंय ना गं, मग ऑपरेशनची एवढी घाई का करतायत? थोडं थांबलं तर चालेल ना?" मी तिला तिथल्या तिथे फोन लावला आणि आम्ही तासभर बोललो. तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं.

आधी बाबांचं सांगते. त्यांच्या मायट्रल झडपेचं एक पान सैल होतं, प्रोलॅप्स म्हणतात त्याला, बरीच वर्षं नुसतं सैलच होतं. मग लीक वाढत गेला. फाईलमध्ये चार इको आहेत, साधारण वर्षावर्षाच्या अंतराने. पहिल्यात ईएफ ६८, दुसऱ्यात ६५, तिसऱ्यात ६२, चौथ्यात ५७. चारही रिपोर्टवर शेवटची ओळ तीच, नॉर्मल एलव्ही सिस्टोलिक फंक्शन, म्हणजे डावा खालचा कप्पा नीट आकसतोय. त्यातला दुसरा आणि चौथा मी स्वतः केलाय, ती ओळ मी स्वतः टाईप केलीय. खरं तर टाईपसुद्धा केली नाही, टेम्प्लेटमध्ये असतेच ती, ५५ च्या वर आकडा असेल तर आपण पुढे जातो.

चौथ्या इकोनंतर ज्यांना दाखवलं ते डॉक्टर म्हणाले, "काका, पंपिंग मस्त आहे, त्रास काही नाही, ६ महिन्यांनी या." बाबा खूश. मी पण खूश, खोटं कशाला बोलू. रात्री फाईल कपाटात ठेवताना काय वाटलं कुणास ठाऊक, चारही रिपोर्ट काढले आणि टेबलावर एकाशेजारी एक लावले. मग नजर ईएफवरून खाली सरकली, एलव्हीआयडीएसच्या ओळीवर. हृदय पूर्ण आकसून झाल्यावर डाव्या खालच्या कप्प्याची जी रुंदी उरते ती. ३३, ३६, ३८, ४२ एमएम. एकेकटा रिपोर्ट बघितला तर कुठलाच आकडा अंगावर येत नाही. चार शेजारी ठेवले आणि माझे हातपाय गार पडले.

आता हे का ते सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं.

डाव्या कप्प्यात समजा १५० मिली रक्त भरलं. हृदय आकसलं, ६० मिली आत उरलं, ९० बाहेर गेलं. ९० भागिले १५०, म्हणजे ईएफ ६० टक्के. छान. पण मायट्रल झडप गळकी असेल तर ते ९० मिली सगळं पुढे गेलेलं नसतं. लीक सिव्हिअर असेल तर अर्धं, म्हणजे ४५ मिली, मागे वरच्या कप्प्यात परत जातं. शरीराला मिळालं फक्त ४५. मशीनला ते कळत नाही, मशीन फक्त एवढंच बघतं की कप्पा किती रिकामा झाला. आणि मागे ढकलणं सोपं असतं, कारण पुढे महाधमनीत १०० च्या वर दाब, मागे वरच्या कप्प्यात त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे हृदयाला एक चोरवाट मिळालेली असते. थकलेलं हृदयसुद्धा त्या चोरवाटेने अर्धं रक्त सहज ढकलतं आणि रिपोर्टवर आकडा तगडा दिसतो. असं हृदय तब्येतीने ठणठणीत असेल तर ईएफ ६५-७० दिसायला हवा. तिथे ५७ म्हणजे स्नायू कधीचा दमलाय, फक्त अजून कुणाला कळलेलं नाही. आणि दमलेला स्नायू पुरता आकसत नाही, म्हणून एलव्हीआयडीएस वाढत जातो.

सर्जन काय करतो, ती चोरवाट बंद करतो. झडप रिपेअर झाली की दुसऱ्या मिनिटापासून सगळं रक्त पुढच्याच जड दारातून ढकलायचं. मग खरी ताकद उघडी पडते. म्हणून मायट्रल रिपेअरनंतर ईएफ बहुतेक वेळा खाली येतो, चांगलं ऑपरेशन झालं तरी येतो. किती खाली येईल आणि परत वर चढेल का, हे ऑपरेशनच्या आधीच्या इकोत बऱ्यापैकी लिहिलेलं असतं, वाचणारा पाहिजे.

या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं काम अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचं, १९९४ सालचं. १९८० ते १९८९ मध्ये मायट्रल लीकसाठी ऑपरेशन झालेले ४०९ पेशंट त्यांनी घेतले आणि ऑपरेशनआधीच्या ईएफप्रमाणे गट पाडले. ६० किंवा जास्त असलेल्यांपैकी १० वर्षांनी ७२ टक्के हयात होते. ५० ते ६० वाल्यांपैकी ५३ टक्के. ५० च्या खालच्यांपैकी ३२ टक्के. मधला गट परत वाचा प्लीज. ५० ते ६०, म्हणजे ज्याला आपण रोज 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवतो तो गट. आकडे जुन्या काळातले आहेत, तेव्हाची सर्जरी वेगळी, आज निकाल पुष्कळ सुधारलेत, पण तो उतार खराच आहे आणि आजच्या गाईडलाईन त्याच पायावर उभ्या आहेत. सिव्हिअर प्रायमरी मायट्रल लीक, त्रास नसला तरी, ईएफ ६० किंवा खाली किंवा एलव्हीआयडीएस ४० एमएम किंवा वर, की ऑपरेशनचा विचार करायचा. युरोपच्या गाईडलाईनमध्ये हा दुसरा आकडा आधी ४५ होता, २०२१ मध्ये तो ४० वर आणला. म्हणजे जगभरातले लोक अनुभवाने अलीकडे अलीकडे सरकतायत, कारण उशिरा पाठवलेल्यांचं पुढे काय होतं ते त्यांनी बघितलंय.

प्रायमरी हा शब्द महत्त्वाचा आहे हां. झडप स्वतः बिघडलीय ती प्रायमरी. हृदय आधीच फुगलंय, कमजोर आहे आणि त्यामुळे झडपेची पानं जुळत नाहीत, ती सेकंडरी. तिथले नियम आणि अपेक्षा सगळं वेगळं, इथे सांगितलेले आकडे तिथे लावू नका.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ३९ आणि ४० मधल्या १ एमएमवर एवढा मोठा निर्णय टांगायचा असेल तर तो एमएम येतो कुठून हे माहीत असलं पाहिजे. तो माझ्या हातातून येतो. पडद्यावर कप्प्याची लांबट प्रतिमा गोठवायची, झडपेच्या पानांच्या टोकाजवळ एक रेघ टाकायची, एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, भिंतीला बरोबर काटकोनात. रेघ जरा तिरकी पडली की २-३ एमएम वाढले. आत एखादा आडवा स्नायूचा धागा असतो तो भिंत समजून मोजला तर कमी झाले. पेशंटचा श्वास हलला, बरगडी आड आली, एक ठोका मधेच लवकर पडला, सगळ्याने आकडा हलतो. आणि बीपी! ज्या दिवशी बीपी १७० असेल त्या दिवशी लीक जास्त दिसणार, ११० असेल तर कमी. म्हणून मी आता रिपोर्टवर त्या वेळचा बीपी लिहिते, उंची वजन पण लिहिते, कारण बुटक्या बारीक माणसाला ४० एमएम आणि धिप्पाड माणसाला ४० एमएम हे एकच नाही. शक्यतो त्याच जागी, त्याच मशीनवर, त्याच माणसाकडून इको करून घ्या असं मी सांगते ते गिऱ्हाईक टिकवायला नाही, चार वर्षांच्या आकड्यांची तुलना करता यावी म्हणून.

ईएफच्या आधी बिघाड पकडणारी एक गोष्ट आहे, स्ट्रेन. स्नायू लांबीच्या दिशेने किती आखडतो हे मशीन भिंतीवरच्या ठिपक्यांचा माग काढून सांगतं. नॉर्मल साधारण उणे २० च्या आसपास, आणि उणे असल्यामुळे लोक घाबरतात, तर घाबरू नका, उणेच असतो तो, शून्याकडे सरकायला लागला की काळजी. मायट्रल लीकमध्ये ईएफ अजून ६४ आणि स्ट्रेन घसरलेला असं दिसलं तर ऑपरेशननंतर पंपिंग पडायची शक्यता जास्त, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. बाबांच्या चौथ्या इकोचे क्लिप मशीनमध्ये होते, मी दुसऱ्या दिवशी ड्युटी सुरू व्हायच्या आधी जाऊन त्यावर स्ट्रेन काढला. उणे १६. खुर्चीतून उठवेना मला.

पुढचं भराभर झालं. सर्जनांना दाखवलं, त्यांनी रिपोर्टवरचं निदान वाचलंच नाही, चारही एलव्हीआयडीएस पेनाने गोल केले आणि बाबांना विचारलं, "जिने चढता का?" बाबा म्हणाले काही त्रास नाही. "चढता का, ते विचारतोय." तेव्हा आई मधे बोलली, वर्षभरात हे वर गच्चीवर गेलेलेच नाहीत, संध्याकाळचं फिरणं पण अर्ध्यावर आलंय. माणूस नकळत स्वतःला जपायला लागतो आणि मग छातीठोक सांगतो मला त्रासच नाही. म्हणून सरांनी ट्रेडमिलवर इको करायला लावला. बाबा चौथ्या मिनिटाला थांबले, धाप लागलेली, आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब बसल्या जागी होता त्यापेक्षा चांगलाच वर गेलेला. 'असिम्टोमॅटिक', म्हणजे त्रास नसलेला, हा शब्द त्या दिवशी फाईलमधून गेला.

मग बाकीच्या तपासण्या, त्या पटकन सांगते. घशातून नळी घालून करतात तो इको, टीईई, झडपेचं नेमकं कुठलं पान, किती भाग, पान धरून ठेवणारी दोरी तुटलीय का, रिपेअर होईल की बदलावी लागेल हे त्यात कळतं, आणि हा प्रश्न फार मोठा आहे कारण आपली झडप शिवून टिकवता आली तर ती टिकवायची. ॲन्जिओ, कारण छाती उघडायचीच आहे तर रक्तवाहिन्यांत ब्लॉक आहे का हे आधीच माहीत पाहिजे. उजवी बाजू, तिच्याकडे कुणी बघत नाही आणि तीच पुढे आयसीयूत छळते. उजव्या कप्प्याच्या कडेची हालचाल मोजतात, टॅप्सी म्हणतात, १७ एमएमच्या खाली असेल तर उजवी बाजू दमलेली. बाबांची १९ होती, देवाची कृपा. फुप्फुसाचा दाब ४८, म्हणजे वाढलेला पण ५० च्या आत. हृदयाची लय अजून नियमित होती. वरचा कप्पा मोठा झालेला, पण एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्याची बेताल फडफड, सुरू झालं नव्हतं. बीएनपी नावाची रक्ताची तपासणी, हृदयावर ताण किती ते सांगते, ती वाढलेली.

यातली प्रत्येक गोष्ट एकच सांगत असते, नुकसान कुठपर्यंत पोचलंय. झडपेतून डाव्या कप्प्यात, तिथून वरच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसात, शेवटी उजव्या बाजूला. एऑर्टिक स्टेनोसिसमध्ये, म्हणजे महाधमनीच्या दारातली झडप आखडते त्या आजारात, हेच २०१७ मध्ये पद्धतशीर मांडलं गेलं. ऑपरेशनआधीच्या इकोवरून पाच पायऱ्या, ० ते ४. शून्य म्हणजे हृदयाला कुठेच इजा नाही, ४ म्हणजे उजवा कप्पा पण गेलेला. झडप बदलल्यानंतर एका वर्षात मृत्यू शून्य पायरीवर ४.४ टक्के, चौथ्या पायरीवर २४.५. झडप सगळ्यांची बदलली होती. झडपेमागचं हृदय कुठल्या अवस्थेत होतं यावर फरक पडला.

एऑर्टिक स्टेनोसिसचं आणखी सांगते, कारण तिथे गणित नेमकं उलटं आहे आणि मायट्रलचं वाचून कुणी तिथे हात टेकले तर वाईट होईल. मायट्रल लीकमध्ये ईएफ खोटा चांगला दिसतो, स्टेनोसिसमध्ये बऱ्याचदा खोटा वाईट दिसतो. दार आखडलेलं, हृदय ढकलून ढकलून थकलं, ईएफ ३० वर आला. घरच्यांना सांगतात पंपिंग ३० आहे, ऑपरेशन झेपणार नाही. पण दार मोकळं केलं की तेच हृदय कित्येकदा वर येतं. अडचण अशी की पंपिंग एवढं कमी असताना झडप खरंच किती आखडलीय हे कळणं अवघड होतं. नेहमीची खूण म्हणजे रक्ताच्या झोताचा वेग सेकंदाला ४ मीटर आणि झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक ४०, बीपी मोजतात त्याच मापात. दमलेलं हृदय तेवढा झोत काढूच शकत नाही, मग आकडे मवाळ दिसतात. झडप खरी घट्ट आहे की हृदय जोरच लावत नाहीये म्हणून ती पूर्ण उघडत नाही?

त्यासाठी डोब्युटामाईन इको, म्हणजे हृदयाला जोर लावायला लावणारं औषध देऊन केलेला इको. ही टेस्ट मला अजूनही दरवेळी थोडी धाकधुक देते. शिरेतून थेंबथेंब औषध सुरू, ५ पासून, दर काही मिनिटांनी वाढवत १०, १५, जास्तीत जास्त २०, किलोमागे मिनिटाला मायक्रोग्रॅममध्ये. खोलीत डॉक्टर, शॉक मशीन चालू करून शेजारी, माझा एक हात प्रोबवर, नजर एकदा झोताच्या आलेखावर आणि एकदा ईसीजीवर. प्रत्येक टप्प्याला मी दोन ठिकाणी मोजते, झडपेतून जाणारा झोत आणि झडपेच्या अलीकडचा. एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त २० टक्क्यांनी तरी वाढलं तर हृदयात राखीव ताकद आहे म्हणायची. रक्त वाढलं, सोबत दाबातला फरक ४० च्या वर गेला आणि झडप १ चौरस सेंटिमीटरच्या आतच राहिली, तर ती खरी घट्ट. झडपच मोकळी होत गेली तर दोष झडपेचा कमी आणि स्नायूचा जास्त.

२००३ मध्ये फ्रान्समधून आलेल्या अभ्यासात १३६ अशा पेशंटवर हे बघितलं होतं. राखीव ताकद असलेल्यांत ऑपरेशनमधला मृत्यू ५ टक्के, नसलेल्यांत ३२ टक्के. हा आकडा इतका बोलका आहे की बरीच वर्षं लोकांनी त्याचा अर्थ 'राखीव ताकद नाही म्हणजे ऑपरेशन नाही' असा लावला. पण पुढे २००९ मध्ये राखीव ताकद नसलेल्यांचाच वेगळा अभ्यास झाला, झडप बदललेल्यांपैकी ५ वर्षांनी ५४ टक्के हयात, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी १३ टक्के. म्हणजे टेस्ट सांगत होती ऑपरेशनमध्ये धोका किती, आणि आपण ऐकलं ऑपरेशनचा फायदा नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि घरच्यांना कुणी हे वेगळे करून सांगत नाही याचं मला खूप वाईट वाटतं. आता तर छाती न उघडता मांडीतून झडप बसवता येते, तो धोकाही बराच बदललाय. आणि डोब्युटामाईनने उत्तर मिळालं नाही तर साध्या सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. पुरुषांत स्कोअर २००० आणि बायकांत १२०० च्या वर असेल तर झडप घट्ट असण्याची शक्यता मोठी. बायकांचा आकडा कमी आहे हे लक्षात ठेवा, बायकांत कमी कॅल्शियमवरसुद्धा झडप तेवढीच आखडते.

एक आजी आठवतात मला. ईएफ २८, डोब्युटामाईनला काहीच प्रतिसाद नाही, २० पर्यंत गेलो तरी आलेख आडवाच. मी प्रोब उचलला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "झालं का गं बाई?" एवढंच विचारलं. माझ्या मनात तेव्हाच निकाल लागला होता. सीटीत स्कोअर २४०० आला, झडप मांडीतून बसवली. तीन महिन्यांनी त्या स्वतः चालत माझ्या खोलीत आल्या, ईएफ ४४. तेव्हापासून टेबलावर कुणाचाही निकाल मनात लावायचा नाही असं मी ठरवलंय.

महाधमनीच्या झडपेचा लीक या दोन्हींच्या मधला. तिथे कप्पा प्रचंड मोठा होईपर्यंत माणूस धडधाकट फिरतो. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या लोकांनी आकसल्यानंतरची रुंदी ५५ एमएमच्या वर गेली की ऑपरेशननंतरचे निकाल बिघडतात असं दाखवलं, आजच्या गाईडलाईन ५० वरच सावध करतात. इथेही तेच, अलीकडे सरकत आलेत.

आता रिस्क स्कोअर. ऑपरेशनआधी सर्जन संगणकावर वय, किडनी, शुगर, ईएफ, फुप्फुसाचा दाब वगैरे भरतात आणि ऑपरेशनमध्ये जीव जायचा धोका किती याची एक टक्केवारी येते. अमेरिकेचा एसटीएस आणि युरोपचा युरोस्कोअर टू. साधारणपणे एसटीएस ४ च्या खाली कमी धोका, ८ च्या वर जास्त. उपयोगी आहेत, पण ते मुख्यतः ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांचं सांगतात. बाबांचा स्कोअर दीड टक्का आला आणि आमच्या घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दीड टक्का म्हणजे टेबलावरून सुखरूप येतील. पाच वर्षांनी जिना चढतील का हे त्यात नव्हतं, ते ४२ एमएम आणि उणे १६ मध्ये होतं. हे आमच्या सरांनी समोर बसवून सांगितलं म्हणून आम्हाला कळलं.

आणि एक तपासणी जिला मशीनच लागत नाही. ५ मीटर चालायला लावायचं, नेहमीच्या चालीने. ७० च्या पुढच्या पेशंटमध्ये ६ सेकंद किंवा जास्त लागले तर हार्ट सर्जरीनंतर मोठी गुंतागुंत किंवा मृत्यूचा धोका दोन-तीन पटीने वाढतो, हे २०१० च्या अभ्यासात दिसलं. लाखोंच्या मशीनशेजारी बसून मी कॉरिडॉरमध्ये फरशा मोजून चालायला लावते, आणि त्यात जे दिसतं ते कित्येकदा इकोत दिसत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट सारखी मनात येतेय. इको जन्मालाच आला तो या प्रश्नासाठी. स्वीडनमधल्या लुंडला इंगे एडलर नावाच्या डॉक्टरांकडे मायट्रलच्या ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटची आधी तपासणी करायचं काम होतं, झडप आखडलीय की गळतेय हे ऑपरेशनआधी ओळखायला त्यांच्याकडे धड साधन नव्हतं. हेलमुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाने मालमोच्या जहाजाच्या कारखान्यातून धातूतल्या चिरा शोधायचं अल्ट्रासाऊंड यंत्र उसनं घेऊन आधी चाचपून बघितलं, आणि २९ ऑक्टोबर १९५३ ला त्यांनी पहिल्यांदा हृदयाच्या हालचालीचा आलेख काढला. ७० वर्षांहून जास्त झाली. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाच्या छातीत आधी डोकावून बघायचं, एवढाच हेतू होता, आणि मी रोज तेच करते.

बाबांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. झडप रिपेअर झाली, रिंग बसवली, टेबलावरच्या टीईईत लीक जवळजवळ नाही. पाचव्या दिवशीचा इको माझ्या सहकाऱ्याने केला, मला हात लावायचा धीर झाला नाही. ईएफ ४६. दादाचा फोन आला, आवाज चढलेला, "अगं ५७ होता तो ४६ कसा झाला? ऑपरेशन बिघडलं का?" मी त्याला म्हटलं, सरांनी आदल्या आठवड्यात कागदावर ४५ लिहून दाखवलं होतं, तू नव्हतास तेव्हा. तो गप्प झाला. तेवढ्या एका कागदाने आमचं घर त्या आठवड्यात सावरलं. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांवरून अंदाज बांधायचा याचा मला कळलेला सगळ्यात खरा उपयोग हा, आईला तो आकडा ऐकून धक्का बसला नाही. औषधं चालू राहिली, चालणं वाढवत नेलं, सहा महिन्यांनी ५१. ६८ परत येणार नाही. ३६ किंवा निदान ३८ ला गेलो असतो तर कदाचित आला असता, आणि ते दोन्ही इको आमच्याच घरातल्या फाईलमध्ये होते.

मैत्रिणीच्या सासऱ्यांचे जुने रिपोर्ट तिने शोधून पाठवलेत, एलव्हीआयडीएस ३७ वरून ४१. सोमवारी ते सर्जनला दाखवतायत.

मी आता रिपोर्टचं टेम्प्लेट बदललंय. झडपेचा पेशंट असेल तर शेवटची ती तयार ओळ येतच नाही, त्याजागी मागच्या तीन इकोंचे आकडे येतात, तारखेसकट, एकाखाली एक. परवा बाबांचा फॉलोअपचा इको केला, मीच केला. जेल पुसता पुसता त्यांनी विचारलं, "किती आला?" मी म्हटलं ५२. त्यांनी शर्टाची बटणं लावली, चष्मा लावला आणि म्हणाले, "बरं, आणि दुसरा? तो एस वाला?"

"३८, बाबा."

"गेल्या वेळी?"

"३९."